नवा गेमिंग पीसी घेण्याआधी जुन्याचं दुखणं ओळखा

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: महिनोन्‌महिने खटपट झाली, आता कंटाळलो, सरळ नवा पीसी घेतो. घ्या की. पण जुन्यात नेमकं काय बिघडलंय हे न कळता नवा घेतला, तर काटकसर म्हणून दोन-तीन जुने भाग त्यात जातातच. त्यातलाच एखादा दोषी असला तर दुखणंही नव्या कॅबिनेटात राहायला येतं.

प्रश्न: गेम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पीसी फटकन बंद पडतो. निळा पडदा नाही, एरर नाही, वीज गेल्यासारखं सगळं काळं. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, रॅम बदलली, ग्राफिक्स कार्डाची पेस्टही बदलली. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. कार्ड ३२० वॅटचं आहे, पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, पाच वर्षं जुना. कार्ड आणि पॉवर सप्लाय तेच ठेवून बाकी सगळं नवं घेऊ का?

उत्तर: जो भाग आधी काढायला हवा, नेमका तोच तुम्ही ठेवायला निघाला आहात असं दिसतं. पण अंदाजावर जाऊ नका, एका संध्याकाळी तपासून होईल.

‘कर्नल-पॉवर ४१’ ही कारणाची नोंद नाही. मागच्या वेळी मशीन नीट शट डाउन न होता गेलं, एवढंच विंडोज त्यात लिहून ठेवतं. घरी आल्यावर दार उघडं दिसावं, पण कोणी उघडलं ते कळू नये, तसं. मात्र त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ भागात ‘बगचेककोड’ बघा. तो शून्य असेल तर विंडोजला कोसळायलाही वेळ मिळाला नाही, वीजच तुटली. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता आणि तो दिसायच्या आत मशीन रीस्टार्ट झालं. तसं असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी कोड वाचता येईल.

आता बंद पडल्यानंतर काय होतं ते बघा. पुढचं बटण दाबूनही मशीन उठत नाही आणि पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी चालू केल्यावरच उठतं, असं असेल तर पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी कुलूप लावून घेतलं होतं. मागणी मर्यादेबाहेर गेली की चांगला पॉवर सप्लाय असंच करतो.

मग पीसीवर मुद्दाम भार टाकणारं ओसीसीटी हे टूल घ्या आणि सोबत तापमान, व्होल्टेज मोजणारं एचडब्ल्यूइन्फो चालू करून त्यात फाइलमध्ये लॉगिंग सुरू ठेवा. म्हणजे मशीन गेलं तरी शेवटच्या सेकंदाचे आकडे हाती राहतात. आधी अर्धा तास फक्त प्रोसेसरवर भार टाका, मग अर्धा तास फक्त ग्राफिक्स कार्डावर, शेवटी ‘पॉवर’ टेस्टमधून दोन्हींवर एकदम. दोन्ही वेगवेगळे टिकले आणि एकत्र आल्यावर मशीन गेलं, तर संशय पॉवर सप्लायवर. फक्त प्रोसेसरवरच गेलं तर लॉगमधलं तापमान बघा. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, एकदम बंद पडत नाहीत. त्यामुळे ‘तापून बंद पडतो’ हे निदान लोक देतात तितकं वेळा खरं नसतं.

यापेक्षाही सोपी परीक्षा आहे. कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या आफ्टरबर्नर या टूलमध्ये त्याची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, म्हणजे ३२० ऐवजी २२४ वॅट. त्यावर तोच गेम दोन तास चालला तर निदान झाल्यातच जमा.

कागदावर तुमचा ६५० वॅट पुरायला हवा: कार्ड ३२०, प्रोसेसर १५०, बाकी सगळं ८०, म्हणजे ५५०. पण कार्डावर लिहिलेला आकडा सरासरी असतो. एका सेकंदाच्या अगदी बारीक भागात कार्ड त्याच्या दुपटीच्या आसपास उसळी मारू शकतं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली. तुमचा त्याच्या आधीचा आहे, शिवाय पाच वर्षांच्या उष्णतेने त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकलेले असणार.

तरीही नवा घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, कार्डाला जाणारी केबल एकच आहे आणि तिलाच दोन तोंडं आहेत का? कार्ड स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेतं, उरलेले २४५ केबलमधून. १२ व्होल्टला ते सुमारे २० अँपिअर होतात. आठ पिनांच्या एका केबलमध्ये १२ व्होल्टच्या तारा फक्त तीन, म्हणजे एकेका तारेतून जवळजवळ सात अँपिअर. दोन स्वतंत्र केबल लावल्या की तोच आकडा साडेतीनवर येतो. नुसत्या या बदलाने बरे झालेले पीसी कमी नाहीत. दुसरी, मध्ये यूपीएस आहे का? ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि तुमचा पीसी गेममध्ये त्याच्या कितीतरी पुढे जातो. एकदा थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून खेळून बघा.

हे सगळं करूनही मशीन पडत असेल तर ८५० वॅटचा, एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचा पॉवर सप्लाय घ्या. बाकीचा पीसी बदलायची गरज बहुधा उरणार नाही. आणि जुना पॉवर सप्लाय उघडून ‘आत काय झालंय’ बघायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातला मोठा कपॅसिटर चांगलाच झटका देऊ शकतो.

प्रश्न: दर वेळी वेगळ्याच कोडचा निळा पडदा येतो. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी फाइल सिस्टिम, कधी ग्राफिक्स ड्रायव्हर. नेमकं काय खराब आहे तेच कळत नाही.

उत्तर: दर वेळी नवा आरोपी सापडतो तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यावा. ड्रायव्हर, फाइल, गेम सगळं तिच्यातूनच जातं, त्यामुळे तिच्यातला एक खराब बिट कोणाच्या नावावर फुटेल याचा नेम नसतो.

बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारं प्रोफाइल, बंद करा आणि दोन दिवस वापरा. पडदे थांबले तर रॅम खराब असेलच असं नाही. ती पाकिटावरच्या वेगाने तुमच्या बोर्डावर आणि प्रोसेसरवर टिकत नाही, एवढंच. त्या वेगाला हाताळणारा भाग प्रोसेसरमध्ये असतो आणि पाकिटावरचा आकडा हा एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग, आहे. बायोस अपडेट करून बघा, नाहीतर एक पायरी खाली चालवा: ६००० च्या जागी ५६००.

प्रोफाइल बंद करूनही पडदे येत राहिले तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करा आणि चारही फेऱ्या होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. इथे ‘दोनच चुका आल्या, चालेल’ असा हिशेब नाही. एकही चूक आली तरी नापास. मग एकेक पट्टी एकटी तपासा, दर वेळी एकाच स्लॉटमध्ये, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या. पट्टी बदलल्यावर चूक तिच्यासोबत गेली तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या चुका दाखवत असतील तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसर. एक पट्टी खराब निघाली तरी वॉरंटीत जोडी परत करा, कारण पट्ट्या जोडीनेच तपासून विकलेल्या असतात.

याच प्रश्नाला जोडून एक सल्ला. नव्या पीसीत ‘आत्ता दोन पट्ट्या, पुढे अजून दोन’ असा बेत आखू नका. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग कोसळतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. जेवढी रॅम लागेल तेवढी पहिल्यापासून दोन पट्ट्यांतच घ्या.

प्रश्न: माझ्या कार्डावर १६ जीबी मेमरी आहे, तरी काही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद होतात. कार्ड बदलून आणलं, तरी तेच. नवं कार्डही खराब कसं निघेल?

उत्तर: कार्डं बहुधा दोन्ही चांगली आहेत. पत्रात प्रोसेसरचा उल्लेख नाही, पण तो इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः आय-सेव्हन किंवा आय-नाइन, तर आधी तिकडे बघा.

गेम पहिल्यांदा उघडताना शेडरच्या (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) आवळून ठेवलेल्या फाइली सोडवाव्या लागतात आणि ते काम प्रोसेसर पूर्ण जोरात करतो. त्यात एक बिट चुकीचा सुटला की पुढचं सगळं बिनसतं आणि गेम त्याचा अर्थ ‘ग्राफिक्स मेमरी मिळाली नाही’ असा लावतो. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसीची (फाइल बिनचूक आहे का ते बघणाऱ्या तपासणीची) चूक येणं, ग्राफिक्स ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर मध्येच मरणं, ही याच दुखण्याची भावंडं. तेही होत असेल तर शंका आणखी पक्की.

या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने चिप आतून झिजत होती. झिजलेल्या चिपला स्थिर चालायला पूर्वीपेक्षा जास्त किमान व्होल्टेज लागतं. ते नेमक्या क्षणी मिळालं नाही की चूक होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच, दिले. ते बोर्डाच्या बायोस अपडेटमधून येतात. पण ते पुढची झीज रोखतात, झालेली भरून काढत नाहीत. बायोस अपडेट करूनही संदेश येत राहिला तर प्रोसेसर गेला असंच धरा.

खात्री करायला इंटेलच्या एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटीमध्ये पी-कोरचा (मुख्य, वेगवान कोरचा) गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, दोन-तीनने खाली आणा, ५५ असेल तर ५३ किंवा ५२. गेम लगेच चालू लागला तर निदान पक्कं. पण याला इलाज समजून वर्षभर तसाच वापरू नका. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. खोक्यात बंद विकलेला असेल तर इंटेलकडे आणि तयार पीसीसोबत आला असेल तर पीसी विकणाऱ्याकडे दावा करा. दाव्यात ‘गेम क्रॅश होतो’ एवढंच लिहू नका. बायोसची आवृत्ती, मायक्रोकोडचा क्रमांक आणि गुणक उतरवल्यावर काय झालं ते लिहा. अशा अर्जावर प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या कमी होतात.

प्रश्न: नव्या पीसीसाठी किती वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा? आणि नव्या कार्डांचे कनेक्टर वितळतात म्हणे, ते कितपत खरं?

उत्तर: प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, तो प्रत्यक्षात किती खेचतो तो धरा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर १२० वॅट लिहिलेल्या रायझन प्रोसेसरला १६२ वॅटपर्यंत मुभा असते. त्यात कार्डाचे समजा २५०, पंखे, ड्राइव्ह, बोर्ड, रॅम मिळून ८० ते १००. बेरीज पाचशेच्या आसपास. तिला दीडने गुणा: ७५० वॅट. उसळ्यांनाही जागा राहते आणि पंखाही शांत राहतो. ८० प्लस गोल्ड हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे. आतला माल किती टिकाऊ आहे हे त्यावरून कळत नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. स्वतःच्या मालावर विश्वास असणाऱ्या कंपन्या दहा वर्षंही देतात.

वितळण्याचं म्हणाल तर खरं आहे. १६ पिनांचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर हा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वाहतो, म्हणजे ५० अँपिअर, सहा बारक्या पिनांतून. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो आले आणि मोठं कारण निघालं ते प्लग पूर्ण न बसणं. थोडा बाहेर राहिला की काही पिनांचा स्पर्श कमी पडतो, प्रवाह उरलेल्यांवर जातो, त्या तापतात. पुढच्या १२व्ही-२×६ आवृत्तीत सेन्स पिना (प्लग बसला का ते कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असला तर कार्ड पूर्ण शक्ती मागतच नाही. शक्यतो हीच आवृत्ती घ्या.

लावताना कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावरच प्लग एकदा घालून बघा, किती जोर लागतो त्याचा हाताला अंदाज येतो. खटका ऐकू येईलच असं नाही. बाजूने टॉर्च मारून प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसत नाही ना, ते बघा. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ राहू द्या, वळण त्यानंतर. कॅबिनेटची काच लावताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. तिथे काच जोरात दाबून बसवणं म्हणजे पुढचा बिघाड स्वतःच्या हाताने बसवणं. आणि हो, कनेक्टर सारखा काढून तपासत बसू नका, तो तीसेक वेळा काढ-घाल करण्याइतपतच बनवलेला असतो.

प्रश्न: सगळे नवे भाग घरी जोडले. पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळा. बोर्ड खराब समजून परत करू का?

उत्तर: थांबा. एएम५ चा बोर्ड असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर तो रॅमचा वेळ जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि जास्त रॅम असेल तर दहा-पंधरा मिनिटंही जातात. तेवढ्यात घाबरून बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा करून या.

तरी काळाच असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डाच्या मागच्या पोर्टात, ते बघा. हसू नका, ही चूक जुन्या-जाणत्यांकडूनही होते. त्यानंतर बोर्डावरचे चार बारके दिवे: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोजची ड्राइव्ह). जो लागून राहिलाय तिथे गाडी अडली आहे.

सीपीयूचा दिवा असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल बघा. ती चार-चार अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची सहा-दोन अशी. दिसायला सारख्या, आतल्या तारा उलट. ती बरोबर असेल तर बोर्डाचं बायोस तुमच्या प्रोसेसरपेक्षा जुनं असू शकतं. बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलण्याचं) बटण असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल त्यावर टाका, तिचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसं ठेवा, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात घाला आणि बटण दाबून धरा. नाव एका अक्षराने चुकलं तरी दिवा दोन-चारदा लुकलुकून विझतो.

डीरॅमचा दिवा असेल तर एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. काही बोर्डांवर रॅमच्या स्लॉटची कडी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरं टोक पूर्ण बसलं नाही तरी लक्षात येत नाही. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा. कूलर अवजड असेल तर त्याचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळलेलेही चालत नाहीत. पिनांवर दाब असमान पडतो आणि रॅमची एक चॅनेलच गायब होते. स्क्रू नेहमी कोपऱ्याकोपऱ्याने, तिरपे, अर्धा-अर्धा फेरा आवळत जा.

हे सगळं करून हात टेकले तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक पट्टी आणि पॉवर सप्लाय, एवढंच लावा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवून चालू करा. बाहेर चालला आणि आत चालत नाही, तर बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंट) भलत्या जागी राहिला असणार आणि तो मागून शॉर्ट करत असणार. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर बाहेरही कार्ड लावावं लागेल. कूलर काढला असेल तर त्याच्या तळावरची पारदर्शक पट्टीही काढली होती ना, तेवढं बघून घ्या.

प्रश्न: जुन्या पीसीतले कोणते भाग नव्यात वापरता येतील? विंडोजचं लायसन्स नव्यावर चालेल का?

उत्तर: कॅबिनेट, पंखे, मॉनिटर बिनधास्त घ्या. एसएसडी आणि हार्ड डिस्क त्यांची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तपासून घ्या. हार्ड डिस्कच्या ०५ आणि सी५ या (खराब झालेल्या जागांच्या) ओळींमध्ये कच्चा आकडा शून्य हवा. फक्त सी७ वाढलेला असेल तर डिस्क नव्हे, बहुधा साटा केबल खराब आहे. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबल नव्याला लावणं. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. प्लग आरामात बसतो आणि पाच व्होल्टच्या तारेत बारा व्होल्ट जातात. बटण दाबल्याच्या क्षणी सगळ्या ड्राइव्ह जळतात, दहा वर्षांचे फोटो धरून.

विंडोजचं लायसन्स रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, असेल तर नेता येतं, तयार पीसीसोबत आलेलं ओईएम असेल तर ते त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. जुनी एसएसडी काढण्याआधी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ते तुमच्या नकळतही चालू झालेलं असू शकतं. तसं असेल तर ड्राइव्ह नव्या बोर्डावर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती खात्यात जाऊन आधीच कागदावर उतरवून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करून ठेवा. विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या पीसीवर ११ च टाका, आणि तेही कोरं. जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर सोबत ओढून नेण्यात काही शहाणपण नाही.

प्रश्न: नवा पीसी जुन्यापेक्षा बराच भारी आहे, पण गेम खेळताना फरकच जाणवत नाही. फसवणूक झाली का?

उत्तर: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज अनेकदा स्वतःहून वरचा वेग निवडत नाही. मग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग बघा. डीडीआर५ तिथे ४८०० दाखवत असेल तर एक्सएमपी किंवा एक्स्पो चालूच केलेलं नाही. पट्ट्या एकमेकींना चिकटून बसवल्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवा.

हे सगळं ठीक असेल तर गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली आणून फ्रेम मोजा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, किंवा गेममध्येच फ्रेमची मर्यादा घातलेली आहे. पीसी अजून घेतला नसता तर हीच परीक्षा जुन्यावर करून पैसा प्रोसेसरवर घालायचा की कार्डावर, ते आधीच ठरवता आलं असतं. कार्ड घेताना ८ जीबी मेमरी आता तोकडी पडते. मेमरी भरली की सरासरी फ्रेम फारशा पडत नाहीत, पण खेळताना मध्येच ठेच लागल्यासारखा झटका बसतो आणि तो फ्रेमच्या आकड्यात दिसत नाही.

प्रश्न: नवं कार्ड गेमच्या मेनूमध्ये रातकिड्यासारखं किरकिरतं. परत करू का?

उत्तर: कॉइल व्हाइन आहे, कार्डातली वेटोळी थरथरतात त्याचा आवाज. बिघाड नाही. मेनूमध्ये चित्र साधं असल्यामुळे कार्ड सेकंदाला हजारभर फ्रेम काढत सुटतं, म्हणून तिथे आवाज चढतो. ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या वेगापेक्षा तीन-चारने कमी ठेवा, बहुतेक वेळा आवाज विरतो. तरी हेडफोनमधूनही ऐकू येत असेल तर परत करण्याच्या मुदतीत परत करा. वॉरंटीत कंपन्या सहसा याला दोष मानत नाहीत.